भिक्खू या शब्दाचा अर्थ आणि धर्मानंद कोसंबी

भिक्ष् या एका धातूपासून निघालेली शब्दांची लेकरे मराठीत पुष्कळ आहेत. भीक आहे, भिकारी आहे, भिक्षुक आहे, मुंजीतली भिक्षावळ आहे, आणि आपल्या विहारात नित्य तोंडी येणारा भिक्खू हा शब्दही त्याच कुळातला आहे. भिकारी म्हटले की माणसे तोंड फिरवतात. भिक्षुक म्हटले की पूजा सांगून दक्षिणा घेणारा भटजी डोळ्यांपुढे येतो. भिक्खू म्हटले की मात्र आपण हात जोडतो, खाली बसतो आणि भन्ते म्हणून वंदन करतो. मूळ एक, पण तिघांशी वागण्याच्या रीती तीन. असे का व्हावे? विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या चरित्रातून शोधावे, असे आम्ही ठरवले आहे. तो माणूस म्हणजे पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी.

हा प्रश्न आमच्यापुरता नुसता शब्दकोशाचा नाही. आमच्या आजे-पणज्यांच्या पिढीने गावकीची कामे केली, येसकराची काठी हातात धरली आणि दिवस मावळला की दारोदार फिरून भाकरतुकडा मागितला. खरे तर ती भाकर कष्टाचा मोबदला होती, पण हातात पडायची ती भीक म्हणून, वरून आणि लांबून. १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी उष्टे-शिळे तुकडे आणि मेलेल्या ढोराचे मांस सोडा, असे बजावले. लोकांनी ते मनावर घेतले आणि त्यापायी गावोगाव त्रासही सोसला. याच समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्म स्वीकारला आणि संघाला शरण गेला. संघ कुणाचा? भिक्खूंचा. भिक्खू म्हणजे शब्दशः कोण? भिक्षा मागणारा. मग मागणे सोडा म्हणणाऱ्या बाबासाहेबांनी आपल्याला मागणाऱ्यांच्या संघाला शरण जायला कसे सांगितले? आमच्या वस्तीतली शिकलेली पोरे असे विचारतात, आणि त्यांचे विचारणे रास्त आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. शिक्षणाची सोय नव्हती, प्रकृतीही यथातथाच. घरची नारळाची बागायत सांभाळावी आणि मिळेल ते मराठी पुस्तक वाचावे, असा क्रम होता. १८९१ साली बाळाबाईंशी त्यांचे लग्न झाले. अशा या तरुणाच्या हाती बालबोधमेवा नावाच्या मुलांच्या मासिकातला बुद्धचरित्रावरचा एक लेख पडला आणि त्याला जणू आपला माणूस सापडला. पुढे गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धचरित्र त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, त्यासाठी आधी संस्कृत शिकायचे, असा निश्चय करून १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली माणिक ही तान्ही मुलगी होती. धर्मानंदांचे कौतुक करताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. गृहत्याग एकाचा असतो, पण त्याची किंमत घरात राहिलेल्या बाईलाही मोजावी लागते.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. तिथून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. काशीतली ही अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी चालत. पुण्याकडे गरीब ब्राह्मणाचा मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे, त्यातलाच हा प्रकार. आता बघा, माधुकरीची झोळी घेऊन फिरणारा मुलगाही दारोदार जायचा आणि येसकरही दारोदार जायचा. एकाला वाढताना गृहिणीला पुण्य लागायचे, दुसऱ्याला वाढताना विटाळ व्हायचा. अन्न तेच, दार तेच. फरक होता तो जातीचा. म्हणजे मान-अपमान मागण्यात नव्हता, तर मागणारा कुठल्या जातीत जन्मला यात होता.

काशीहून १९०२ साली धर्मानंद नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीकडे धर्म जिवंत असेल, ही आशा. पण तिथली धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली. मग बुद्धगया, कलकत्ता करीत ते त्याच वर्षी सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले. कोलंबोत सुमंगल महास्थविरांनी १८७३ साली स्थापन केलेल्या विद्योदय परिवेणात त्यांना पाली शिकायला मिळाले, आणि तिथेच त्यांनी प्रव्रज्या घेऊन चीवर धारण केले. वय जेमतेम पंचविशीतले. काशीत ब्राह्मण म्हणून पंक्तीला बसणारा हा तरुण आता पात्र घेणाऱ्यांच्या संघात आला. इथे कुणी जात विचारत नव्हते. घेणाऱ्याची नाही, आणि देणाऱ्याचीही नाही.

आता भिक्खू या शब्दाचा अर्थ पाहू. विनयपिटकात पहिल्या पाराजिकाच्या नियमाचे स्पष्टीकरण करताना या शब्दाचे एक-दोन नाही, चांगले बारा अर्थ नोंदवले आहेत. भिक्षा मागतो तो भिक्खू, भिक्षाचर्या पत्करली तो भिक्खू, तुकडे जोडलेले वस्त्र नेसतो तो भिक्खू. लोक म्हणतात म्हणून भिक्खू, आणि स्वतःला म्हणवतो म्हणूनही भिक्खू. भला माणूस, सारभूत माणूस, शिकत असलेला आणि शिकणे पूर्ण झालेला, हेही अर्थ त्यात आहेत. शेवटचा अर्थ असा की, एकत्र जमलेल्या संघाने रीतसर ठराव मांडून आणि तीनदा विचारून ज्याला उपसंपदा दिली, तो भिक्खू. विनयाचे नियम लागू करायचे ते या शेवटच्या अर्थाच्या भिक्खूला. म्हणजे नुसते चीवर अंगावर घेतले किंवा लोक भन्ते म्हणू लागले, एवढ्याने माणूस संघाचा होत नाही. तो फंद अडीच हजार वर्षांपूर्वीही होता, म्हणूनच हे अर्थ वेगवेगळे करून ठेवावे लागले.

उपसंपदा देण्याआधी काही प्रश्न विचारतात. वय २० पूर्ण आहे का, आईबापांची परवानगी आहे का, कर्जात नाहीस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आणि तू स्वतंत्र माणूस आहेस ना. गुलामाला मालकाने मुक्त केल्याशिवाय संघात घेत नसत, ही त्या काळाची मर्यादाच म्हणायची. पण भिक्खूच्या मागण्याचा अर्थ या प्रश्नांतून नेमका उलगडतो. पात्र हातात घेणारा माणूस स्वतंत्र पाहिजे. त्याने ते राजीखुशीने घेतले पाहिजे आणि खाली ठेवण्याची मोकळीकही त्याला पाहिजे. आमच्या येसकर आज्याला यातले काहीच नव्हते. त्याने भाकर मागणे निवडले नव्हते, ते त्याच्या जन्माला चिकटवले होते. त्याने एक दिवस मी येत नाही म्हटले असते, तर गावाने त्याला जगू दिले नसते. बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ते हे सक्तीचे मागणे.

शिवाय भिक्खू मागतो म्हणजे काय करतो? तो तोंडाने काही मागत नाही. दारात गप्प उभा राहतो, मिळाले तर घेतो, नाही तर पुढे जातो. श्रीमंताचे घर गाठायचे आणि गरिबाचे टाळायचे, असे करायचे नाही. घरे ओळीने घ्यायची. जेवण दुपारच्या आत आटोपायचे, उरलेले उद्यासाठी साठवायचे नाही, सोने-नाणे घ्यायचे नाही. जमीन खणून पिकवायलाही त्याला मनाई आहे. यातली मेख अशी की भिक्खूला रोज लोकांच्या दारी जावेच लागते. त्याला जगापासून तुटून राहता येत नाही. लोक त्याला अन्न देतात आणि तो लोकांना धम्म देतो. हा व्यवहार बंद पडला, की एकीकडे विहार ओस पडतो आणि दुसरीकडे वस्ती अडाणी राहते.

आणि या संघात बसण्याची जागा जातीने ठरत नव्हती, उपसंपदेच्या क्रमाने ठरत होती. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्यांच्या उपाली न्हाव्याला प्रव्रज्या दिली गेली, म्हणून राजपुत्रांना त्याच्यापुढे वाकावे लागले. रस्ते झाडणारा सुनीत थेर झाला. मागणारा वर आणि खाली कोण, हे हिशेब तिथे मोडले गेले.

धर्मानंद सिलोनहून मद्रासला आणि तिथून ब्रह्मदेशात गेले. तिथे त्यांनी न्यानतिलोक या जर्मन भिक्खूंच्या सोबतीने सगाइंगच्या डोंगरात ध्यानसाधना केली. १९०४ साली भारतात येऊन त्यांनी बुद्धगया, सारनाथ, लुंबिनी अशी स्थळे पाहिली आणि कुशिनारात महावीर भिक्खूंचा सहवास त्यांना मिळाला. महावीर हे आधुनिक काळात कुशिनारात पुन्हा विहार उभा करणाऱ्यांपैकी. त्याच कुशिनाराचे महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून पुढे १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले.

१९०६ साली कलकत्त्यात धर्मानंदांनी चीवर उतरवले. आमच्यातले काही जण इथे थबकतात. भिक्खू झालेला माणूस संसारात परतला, म्हणजे घसरलाच की, असे त्यांना वाटते. पण विनय काय सांगतो ते पाहावे. चीवर सोडायचे असेल तर ते कुणासमोर स्पष्ट सांगून सोडता येते. त्यात पाप नाही. पाराजिकाचा दोष घडलेला नसेल, तर तो माणूस पुन्हा उपसंपदाही घेऊ शकतो. ब्रह्मदेशात तर बहुतेक प्रत्येक मुलगा काही काळ श्रामणेर होऊन घरी परततो. आपल्याकडेही श्रामणेर शिबिरात दहा दिवस चीवर घालून माणसे पुन्हा कामावर जातातच. चीवर अंगावर ठेवून आत संसार करणे हा दोष आहे. सर्वांना सांगून ते उतरवणे हा प्रामाणिकपणा आहे. चीवर आणि संसार यांच्या मधली वाटही त्या काळी होती. अनागारिक धर्मपालांनी आयुष्यभर घरही केले नाही आणि उपसंपदाही घेतली नाही. ती त्यांनी अगदी अखेरीस, १९३३ साली सारनाथला घेतली.

धर्मानंदांनी चीवर उतरवण्याचे कारण असे की, जे बाहेरदेशी शिकलो ते आपल्या लोकांना, विशेषतः मराठी माणसांना द्यायचे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. बाळाबाईंना आणि मुलीला त्यांनी कलकत्त्याला आणले. १९०७ साली मुलगा दामोदर जन्मला. हेच पुढचे थोर गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. विद्यापीठाची नोकरी चांगल्या पगाराची होती. पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहावे आणि लेखन करावे. धर्मानंदांनी पगार सोडला आणि ५० रुपये पत्करले. आम्हाला वाटते, इथे अंगावर चीवर नसतानाही भिक्खूची रीत त्यांनी पाळली. गरजेपुरते घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात धम्म द्यायचा.

बडोद्याच्या त्यांच्या व्याख्यानांचे बुद्ध, धर्म आणि संघ हे पुस्तक १९१० साली निघाले. त्याच वर्षी ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. काम होते आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनाचे. वॉरन नावाच्या विद्वानाने सुरू केलेले हे काम त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले होते. धर्मानंद त्यासाठी चार वेळा अमेरिकेला गेले, आणि ती आवृत्ती छापून निघाली १९५० साली, धर्मानंद गेल्यानंतर. मात्र त्यांनी स्वतः तयार केलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत निघाली. ज्या ग्रंथावर त्यांनी आयुष्याची इतकी वर्षे घातली, त्याच्या आरंभीच भिक्खू या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. संसारातले भय ज्याला दिसते, तो भिक्खू. म्हणजे हात पसरणारा तो भिक्खू असे नव्हे, तर डोळे उघडे असलेला तो भिक्खू. सतिपट्ठान सुत्ताची अट्ठकथा तर याही पुढे जाते. त्या मार्गाने जो कोणी चालतो, मग तो देव असो वा माणूस, त्याला तिथे भिक्खूच म्हटले आहे. धम्मपदातही दोन्ही बाजूंनी हेच सांगितले आहे. नुसत्या भिक्षेने कुणी भिक्खू होत नाही, आणि दागिने घातलेला माणूसही शांत, संयमी असेल तर भिक्खूच आहे.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले. पु. वि. बापट, चिं. वि. जोशी असे पालीचे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. मुंबई विद्यापीठात पालीला जागा मिळावी म्हणूनही त्यांनी खटपट केली. पुढे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात ते होते, रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला उतरून तुरुंगातही गेले. लेखन चालूच होते. निवेदन हे आत्मचरित्र, समाधिमार्ग, बौद्धसंघाचा परिचय, भगवान बुद्ध, बोधिसत्त्व नाटक, ही सारी मराठीत. मनात आणले असते तर इंग्रजीत लिहून जगभर नाव करता आले असते. पण मराठी वाचणाऱ्या साध्या माणसाला विनय म्हणजे काय, थेर कोण, थेरी कोण, हे कळावे, ही तळमळ होती. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य आणि कोलियांच्या भांडणाला विटून, हा विचार त्यांनी मांडला. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा हेच कारण सविस्तर आले आहे. भिक्खू केवळ स्वतः परिपूर्ण व्हायला आहे की समाजाची सेवा करायला, हा सवालही बाबासाहेबांनी त्याच ग्रंथाच्या आरंभी टाकला.

या सवालाला धर्मानंदांनी कृतीने उत्तर दिले होते. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत, बिर्लांच्या आर्थिक साहाय्याने बहुजन विहार उभा राहिला, आणि धर्मानंद तिथे जाऊन राहिले. हार्वर्डच्या ग्रंथालयात बसलेला पंडित गिरण्यांच्या भोंग्यांत, चाळींच्या गर्दीत, अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या माणसांना धम्म सांगायला बसला. धर्मांतराच्या जवळजवळ वीस वर्षे आधीची ही गोष्ट. महाराष्ट्रात आज गावोगाव विहार आहेत. त्यांच्या पूर्वजांत हा विहार मोजला पाहिजे.

शेवटच्या काळात शरीर थकले. उपयोग सरला, आता दुसऱ्यावर भार होऊ नये, असे त्यांना वाटू लागले. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि त्या परंपरेतील अन्नत्यागाने देह ठेवण्याचे त्यांनी ठरवले. १९४६ साली गांधीजींच्या आग्रहाने हा उपवास थांबला. पण पुढे सेवाग्रामला सुमारे महिनाभर अन्न वर्ज्य करून ४ जून १९४७ रोजी ते गेले. हा मार्ग बुद्धाने सांगितलेला नाही, आणि तो कुणी अनुसरावा असे आम्ही म्हणणार नाही. वृद्ध माणूस भार नसतो, हे आपण आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना वागणुकीतून पटवले पाहिजे. धर्मानंदांपासून घ्यायचे ते त्यांच्या जगण्यातले.

तर मग पोरांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. बाबासाहेबांनी सोडायला लावली ती जातीने लादलेली भीक. भिक्खूची भिक्षा ही स्वतंत्र माणसाने, साठवण न करता, सर्व दारे सारखी मानून घेतलेली भिक्षा आहे, आणि तिची फेड त्याने धम्म शिकवून करायची आहे. जिथे ही फेड होत नाही, तिथे भिक्खू आणि भिक्षुक यांत फरक उरत नाही. म्हणून भन्तेजींना भोजनदान देताना आपण उपकार करतो असे समजू नये, आणि भन्तेजींकडून धम्म, पाली, विनय शिकून घ्यायला लाजू नये. शिबिरातून चीवर उतरवून आलेल्या पोराची टिंगल करू नये, तर दहा दिवसांत काय शिकलास ते विचारावे. आणि चीवर अंगावर नसलेला एखादा शिक्षक, एखादी नर्सबाई, एखादा गिरणी कामगार गरजेपुरते ठेवून बाकीचे वस्तीला देत असेल, तर अट्ठकथेच्या अर्थाने त्यालाही आपण त्या मोठ्या शब्दात जागा द्यावी. धर्मानंद कोसंबींनी चीवर वापरले ते थोडीच वर्षे. पण त्या शब्दाला ते पुढची चाळीस वर्षे जागले.

नमो बुद्धाय. जय भीम.